धातूवर धातूचें पाणी कसें चढतें?

सोन्याचें पाणी दिलेला दागिना, चांदीचें पाणी चढविलेलें तबक, हे शब्द आपल्या घराघरांतून इतके रुळलेले आहेत कीं, त्यांतील 'पाणी' या शब्दाकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. बोलणाऱ्यास तो अलंकारिक वाटतो. वस्तुतः विजेनें चढविलेल्या मुलाम्याच्या बाबतींत तो अक्षरशः खरा आहे. धातु खरोखरच पाण्यांत विरघळलेला असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, हातास लागत नाहीं. आणि विजेच्या योगानें तो पाण्यांतून निघून दुसऱ्या धातूच्या अंगावर बसतो. सकाळीं आपण न्हाणीघरांत जी झगझगीत तोटी फिरवितों ती आंतून बहुधा पितळेची असते. तिच्यावर निकलचा थर आणि निकलवर क्रोमियमचा थर असतो. निकलचा थर साधारणपणें दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा किंवा त्याच्या दुपटीएवढा. वरचा क्रोमियमचा थर तर मायक्रॉनच्या पावपट ते निमपट एवढाच. माणसाच्या केंसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली, तर एका केंसाच्या जाडींत असे दीडदोनशें थर सुखानें मावतील. एवढा पातळ पापुद्रा वर्षानुवर्षें घासला जातो आणि तरीहि टिकतो. तो धरतो कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न प्रयोगशाळेंतल्या पंडितांपुरता राहिलेला नाहीं. पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्यानें निघालें कीं शिरूर तालुक्यांत रांजणगांव लागतें. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें स्थान म्हणून तें आपणांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या शेजारींच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत उभी आहे, आणि तेथें मोटारी, शीतकपाटें, कपडे धुण्याचीं यंत्रें अशा वस्तु तयार होतात. सोलापूरच्या रस्त्यानें गेलें तर दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें दुसरी वसाहत आहे. तिच्यांत रासायनिक कारखान्यांचा भरणा अधिक. मोटारींत आणि यंत्रांत जे खिळे, बोल्ट, बिजागऱ्या, तारांचीं टोकें लागतात, त्यांपैकीं पुष्कळांवर कोणत्या ना कोणत्या धातूचा थर विजेनें चढविलेला असतो. आणि या सर्व प्रदेशाचें पाणी शेवटीं घोड व भीमा या नद्यांकडे उतरतें. शिरूरला आपण जुन्या संवयीनें घोडनदीच म्हणतों. ती घोड पुढें भीमेस मिळते, आणि भीमा दौंडावरून उजनीच्या जलाशयांत जाते. हें आतां नुसतें सांगून ठेवतों. याचा संबंध पुढें येणार आहे.

आपल्याकडे धातूवर धातु चढविण्याची जुनी विद्या म्हणजे कल्हई. तांब्यापितळेचें भांडें भट्टीवर तापवावयाचें, त्यांत नवसागर टाकावयाचा, कथिलाचा तुकडा फिरवून तो वितळला कीं कापसाच्या बोळ्यानें सगळीकडे पसरावयाचा. त्यांत धातु वितळतो, वाहतो आणि थंड होऊन चिकटतो. विजेच्या मुलाम्यांत यांपैकीं कांहींच घडत नाहीं. निकल वितळावयास चौदाशें अंशांहून अधिक उष्णता लागते. पण मुलाम्याची टाकी न्हाणाच्या पाण्याहून थोडी अधिक गरम असली तरी पुरते. धातूचा एकेक अणु येतो आणि आपल्या जागीं बसतो. म्हणून ही क्रिया लेप देण्यापेक्षां पीक उगवण्याशीं अधिक मिळतीजुळती आहे.

हिचें सर्वांत साधें रूप शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्यानें पाहिलेलें असतें. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागेवर रोग पडूं नये म्हणून मोरचूद आणि चुना यांचें मिश्रण फवारतात. त्याला बोर्डो मिश्रण म्हणतात. चुना कमी पडला तर त्यांतलें मोकळें तांबें पानें जाळतें. तें पाहण्याची युक्ति अशी कीं, चाकूचें स्वच्छ लोखंडी पातें मिश्रणांत थोडा वेळ बुडवून ठेवावयाचें. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना आणखी घालावयाचा. तो तांबूस रंग म्हणजे प्रत्यक्ष तांबें होय. मोरचुदाच्या पाण्यांत तांब्याचे अणु दोन दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात. अशा अणूंना आयन म्हणतात. लोखंडाला आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यांत उतरण्याची हौस तांब्यापेक्षां अधिक. लोखंडाचा अणु पाण्यांत जातो, त्यानें मागें ठेवलेले इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन उचलतो आणि धातु होऊन बसतो.

परंतु हा तांबडा थर बोटानें चोळला तर पुसला जातो. ज्या लोखंडावर तो बसावयाचा तेंच त्याच्या पायाखालून विरघळत असतें. खचत्या जमिनीवर घर बांधण्यापैकीं हा प्रकार. शिवाय लोखंड पूर्ण झांकलें गेलें कीं इलेक्ट्रॉन देणारा कोणी उरत नाहीं, आणि क्रिया थांबते. म्हणून कारखान्यांत इलेक्ट्रॉन बाहेरून पुरवितात. ज्या वस्तूवर थर चढवावयाचा ती विजेच्या ऋण टोकास जोडून टाकींत टांगतात. तिला ऋणाग्र म्हणूं. धन टोकास तांब्याची किंवा निकलची लादी जोडतात, तें धनाग्र. लादी हळूहळू विरघळते, वस्तु हळूहळू जाड होते, आणि मधलें द्रावण जवळजवळ जसेंच्या तसें राहतें.

इतिहास थोडक्यांत सांगतों. व्होल्टानें १८०० सालीं विजेची रास रचली, आणि पांच वर्षांत ब्रुन्यातेल्ली या इटालियन रसायनज्ञानें तिच्या साह्यानें चांदीच्या पदकांवर सोनें चढवून दाखविलें. १८३८ सालीं रशियांत याकोबीनें तांब्याचे जाड थर चढवून ठशांच्या हुबेहूब प्रतिकृति काढल्या, आणि १८४० मध्यें इंग्लंडांत एल्किंग्टन यांनीं या धंद्याचे हक्क घेतले. आपल्या देशांत या शास्त्रासाठीं स्वतंत्र संस्था तामिळनाडूंतील कारैकुडी येथें आहे. तिची कोनशिला जुलै १९४८ मध्यें बसली आणि १९५३ च्या जानेवारींत तिचें उद्घाटन झालें. तिच्यासाठीं अळगप्पा चेट्टियार या दानशूर गृहस्थांनीं तीनशें एकर जमीन आणि पंधरा लक्ष रुपये दिले होते.

या सगळ्या नांवांत जें एक नांव विसरतां येणार नाहीं तें फॅरेडेचें. वीज आणि धातु यांचा हिशेब त्यानें १८३३-३४ सालीं कायमचा लावून दिला. जितकी वीज तितका धातु. एक अँपियर प्रवाह तासभर चालविला तर १.१९ ग्रॅम तांबें बसतें; त्याच विजेंत निकल १.०९ ग्रॅम आणि चांदी चार ग्रॅम बसते. आतां हाच हिशेब थोडा पुढें नेऊं. दहा सेंटिमीटर लांब-रुंद अशा चौकोनी पत्र्याच्या एका बाजूवर हें तासाभराचें तांबें सारखें पसरलें, तर त्याची जाडी सुमारें तेरा मायक्रॉन भरते. तांब्याच्या अणूंचा एक थर मायक्रॉनच्या पांच हजाराव्या हिश्शाएवढा असतो. म्हणजे त्या तासाभरांत साठ हजारांवर थर एकावर एक बसले. दर सेकंदास सतरा. आपण एक श्वास घेतों तेवढ्या अवधींत पन्नासएक मजले चढतात. टाकीपाशीं उभें राहणाराला मात्र कांहींच चालल्याचें दिसत नाहीं.

आतां एका आयनाबरोबर प्रवास करूं. पाण्यांत तो एकटा नसतो. पाण्याचे रेणु त्याला वेढून असतात, आणि या लवाजम्यासकट तो हिंडत असतो. ऋणाग्राच्या अगदीं जवळ, मिलिमीटरच्या कांहीं दशांशांच्या टापूंत, आयनांची टंचाई असते. कारण तेथले आयन सारखे खर्ची पडत असतात. या टंचाईच्या पट्ट्यांतून पलीकडचे आयन झिरपत पुढें येतात. द्रावण ढवळलें तर पट्टा अरुंद होतो आणि पुरवठा वाढतो. म्हणूनच मुलाम्याच्या टाक्यांत हवा फुंकतात किंवा वस्तु हालवीत ठेवतात. पट्टा ओलांडला कीं आयन पृष्ठभागाच्या दाराशीं येतो. येथें एका बाजूस धातूंतले इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूस पाण्यांतले धन आयन असे दोन विद्युद्भार समोरासमोर दाटीनें उभे असतात. हेल्महोल्ट्झनें १८५३ सालीं या जोडथराची कल्पना मांडली. त्याची रुंदी इतकी कमी कीं, एखाद्या व्होल्टचाहि दाब तेथें सेंटिमीटरास एक कोटी व्होल्टच्या हिशेबानें पडतो. अशा जबर ओढींत आयनाचा पाण्याचा वेढा सुटतो, त्यास इलेक्ट्रॉन मिळतात, तांब्याच्या बाबतींत आधीं एक आणि मग दुसरा, आणि तो पृष्ठभागावर अणु होऊन उतरतो.

उतरला म्हणजे बसला असें मात्र नव्हे. सपाट मैदानावर उतरलेल्या अणूला खालून आधार असतो, बाजूंनीं नसतो. तो इकडेतिकडे घरंगळतो. अर्धवट बांधलेली विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. सपाट माथ्यावर मधोमध एकच वीट ठेवली तर ती कशीबशी टेकलेली राहते. अर्ध्या रचलेल्या ओळीच्या टोकाशीं, खालची आणि बाजूची वीट यांच्या कोनाड्यांत ठेवली तर ती पक्की बसते. अणूचें तसेंच आहे. पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या असतात, आणि पायरीच्या कडेवर जेथें ओळ मध्येंच तुटलेली असते तेथें कोनाडा असतो. त्या कोनाड्यांत अणूला त्याचे निम्मे शेजारी मिळतात. कोसेल आणि स्ट्रान्स्की या दोघांनीं १९२७-२८ च्या सुमारास हें दाखवून दिलें कीं, स्फटिकाची वाढ या कोनाड्यांतूनच होते. येथें एक शंका येईल. ओळ भरली, मग थर पुरा झाला, कीं पायरी संपेल. मग पुढचा थर कोठून सुरू व्हावा? याचें एक सुंदर उत्तर फ्रँकनें १९४९ सालीं दिलें. खऱ्या स्फटिकांत मळसूत्री दोष असतात. तेथें पायरी गोल जिन्यासारखी फिरत वर चढते आणि कधींच संपत नाहीं. निर्दोष स्फटिकापेक्षां सदोष स्फटिक सहज वाढतो, ही गोष्ट मला या शास्त्रांतली सर्वांत मौजेची वाटते.

परंतु पितळेच्या तोटीवर निकल चढवावयाचें असतां पहिल्या क्षणीं निकलची पायरीच नसते. परक्या जमिनीवर नवें घर मांडावयाचें असतें. येथें जें घडतें तें समजण्यासाठीं स्वयंपाकघरांत जाऊं. कढविलेलें तूप सावकाश निवूं दिलें तर तें रवाळ होतें, आणि भांडें थंड पाण्यांत ठेवून झटकन् गार केलें तर गुळगुळीत होतें. गृहिणींना हें पक्कें ठाऊक असतें, कारण असें. द्रवांतून घन कण जन्मावयाचा म्हणजे प्रथम अगदीं लहान बीज धरावें लागतें. लहान बीजाचें सगळेंच अंग पृष्ठभागावर असतें, आंत कांहीं नसतें. आणि पृष्ठभाग राखण्यास शक्ति खर्चावी लागते. म्हणून फार लहान बीज टिकत नाहीं, विरघळून जातें. विशिष्ट आकार ओलांडला कीं मग वाढण्यांतच त्याचा लाभ असतो. सावकाश निवणाऱ्या तुपांत थोडींच बीजें हा उंबरठा ओलांडतात आणि तींच मोठीं होतात, म्हणून रवा मोठा. झटकन् निवविलें तर उंबरठाच खालीं येतो, असंख्य बीजें एकदम धरतात, आणि कोणालाच वाढावयास जागा राहत नाहीं.

मुलाम्यांत थंडीचें काम विद्युद्दाब करतो. धातु आणि त्याचे आयन यांच्यांत समतोल राखणारा एक दाब असतो. त्याहून अधिक दाब दिला कीं बीजें धरूं लागतात, आणि दाब थोडा वाढविला तरी बीजांची संख्या अनेक पटींनीं वाढते. पुष्कळ दाबाखालीं उंबरठ्याचें बीज अवघ्या कांहीं अणूंचें असूं शकतें. बीजें पुष्कळ तर कण बारीक, थर घट्ट आणि बहुधा कठीणहि; बीजें थोडीं तर कण मोठे, थर खरबरीत, आणि बेटांच्या मध्यें भोकें राहण्याची भीति. पातळ थराचें सारें भवितव्य या पहिल्या कांहीं क्षणांत ठरतें.

हें डोळ्यांस न दिसणारें नाट्य प्रवाहाच्या कांट्यावर वाचतां येतें. दाब एकदम लावला कीं प्रथम प्रवाह क्षणभर उसळून खालीं येतो. मग तो पुन्हां चढूं लागतो, कारण बेटें वाढत असतात आणि त्यांचें एकूण अंग मोठें होत असतें. मग एक शिखर येऊन तो उतरणीस लागतो. तें शिखर म्हणजे शेजारशेजारच्या बेटांचीं चराऊ कुरणें एकमेकांस भिडल्याची खूण. प्रत्येक बेट आपल्या भोंवतालच्या घुमटाकार टापूंतून आयन ओढीत असतें. टापू भिडले कीं एकाच आयनावर दोघांचा हक्क येतो, आणि पुढें सगळा पृष्ठभाग मिळून एकच सपाट गिऱ्हाईक होऊन बसतो. शारिफ्कर व हिल्स या दोघांनीं १९८३ मध्यें या चढउताराचें गणित बांधलें, आणि शिखराची उंची व वेळ यांवरून बीजें एकदमच धरलीं कीं मागूनमागून धरत गेलीं, हें सांगण्याची सोय झाली.

सगळीच जोडपीं मात्र बेटांनींच सुरुवात करतात असें नाहीं. नव्या धातूला जुन्या धातूचें सान्निध्य स्वतःच्या जातभाईंपेक्षां अधिक मानवत असेल, तर तो आधीं एक अखंड थर पसरतो. सोन्यावर तांबें किंवा चांदीवर शिसें यांचा पहिला अणुभर जाडीचा थर तर नेहमीच्या समतोलापेक्षां कमी दाबांतच बसून जातो. दुसऱ्या थरापासून मात्र धातूला आपल्याच जातीवर बसावयाचें असतें, आणि मग नेहमीचा व्यवहार सुरू होतो.

येथून पुढें कारागिराचें राज्य सुरू होतें. दाब वाढविला कीं बीजें वाढतात हें खरें. पण दाबाबरोबर प्रवाहहि वाढतो, आणि टंचाईच्या पट्ट्यांतून येणाऱ्या आयनांना मर्यादा असते. ती गांठली कीं जें टोंक थोडेंसें पुढें आलें असेल त्यास आयन आधीं मिळतात. तें आणखी पुढें सरतें, आणि पाहतां पाहतां झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे निघतात किंवा काळीकुट्ट भुकटी बसते. कारखान्यांत त्यास थर 'जळाला' म्हणतात, जरी उष्णतेचा त्यांत कांहीं संबंध नसतो. याच कारणानें वस्तूच्या कडा आणि कोपरे यांवर थर नेहमीच जाड बसतो आणि खांचांत पातळ. मुलामा उडतो तो बहुधा खांचेंतून. गंज प्रथम तेथें दिसतो.

म्हणून टाकींत औषधें घालतात. निकलसाठीं १९१६ सालीं वॉट्स यानें सुचविलेली टाकी आजहि चालते. निकलचें सल्फेट, निकलचें क्लोराइड आणि आम्लता राखावयास बोरिक आम्ल. तिच्यांत थोडें सॅकरिन घालतात. होय, तेंच गोड सॅकरिन. त्यानें निकलचा कण बारीक होतो आणि थरांतला ताण कमी होतो. तांब्याच्या शुद्धीकरणांत सुताराच्या कामांतला सरस चालतो. या पदार्थांचे रेणु पुढें आलेल्या टोंकांवर आधीं जाऊन बसतात आणि तेथली वाढ रोखतात. मागचे खळगे त्या अवधींत भरून निघतात. अब्जावधि अणूंना शिस्त लावण्यास लिटरामागें चिमूटभर पदार्थ पुरतो.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय कोणताहि जाणता कारागीर पुढें जाऊं देणार नाहीं: वस्तु स्वच्छ हवी. तेलाचा अदृश्य पापुद्रा असला तर थर धातूवर न बसतां तेलावर बसतो आणि सालीसारखा निघतो. परीक्षा सोपी आहे. धुतलेली वस्तु पाण्यांतून वर काढली असतां पाण्याचा पडदा अखंड राहिला तर ती स्वच्छ. तेलकट तव्यावरच्याप्रमाणें थेंब झाले तर पुन्हां धुवावयाची. लोखंड सरळ मोरचुदाच्या टाकींत घातलें तर चाकूच्या पात्यावरचा तो पुसला जाणारा थर आधींच बसून जातो. म्हणून लोखंडावर पहिला पातळ थर बहुधा सायनाइडच्या टाकींत देतात. तेथें तांबें सायनाइडच्या मिठींत घट्ट असल्यामुळें आपण होऊन लोखंडावर उतरत नाहीं. सायनाइड हें जालीम विष आहे, आणि त्याच्या टाकींत आम्ल सांडलें तर प्राणघातक वायु उठतो. त्या दोन टाक्यांचें सांडपाणी एका गटारांत कधींहि एकत्र येतां कामा नये.

आतां धोक्याचा विषय निघालाच आहे तर बोल्टाबद्दल सांगतों. टाकींतल्या पाण्यांतून धातूबरोबर हायड्रोजनहि सुटूं शकतो. त्याचा बहुतेक भाग बुडबुडे होऊन निघून जातो. पण कांहीं अणु, सर्वांत लहान असल्यामुळें, पोलादाच्या आंत शिरतात. मऊ पोलादाला त्याचें फारसें सोयरसुतक नसतें. परंतु कठीण, उच्च ताकदीच्या पोलादाचा बोल्ट घेतला, त्यावर जस्त चढविलें, आणि तो आवळून बसविला, तर हे हायड्रोजनचे अणु ताणाच्या जागीं गोळा होतात. बोल्ट वरून नवा कोरा दिसतो. तपासणींत तो पास होतो. कांहीं तासांनीं किंवा दिवसांनीं, कोणताहि धक्का नसतां, तो कांचेसारखा तुटतो. यावर उपाय ठरलेला आहे: मुलामा होतांच, विलंब न लावतां, बोल्ट भट्टींत सुमारें दोनशें अंशांवर कित्येक तास भाजून काढावयाचे, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. विजेचें बिल वाचविण्यासाठीं हे तास कापले तर बाहेरून कांहीं कळत नाहीं. मोटारीचें चाक ज्या बोल्टांवर उभें असतें, त्यांच्याबाबत ही काटकसर कोणास परवडावयाची?

याच विद्येचें नवें अंग इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या धंद्यांत दिसतें. रांजणगांवास या धंद्याकरितां सुमारें तीनशें एकरांचा समूह उभारण्यास केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजुरी दिली. मंडळांच्या पाट्यांस केंसाएवढीं भोकें पाडून त्यांच्या भिंतींवर तांबें चढवावें लागतें, म्हणजे एका थरांतली वीज दुसऱ्या थरांत जाते. आणि संगणकाच्या चकत्यांत तर मायक्रॉनहून अरुंद चर असतात. ते तांब्यानें काठोकाठ भरण्याची रीत १९९७ मध्यें आय.बी.एम. या कंपनीनें जाहीर केली. मघांशीं सांगितलें कीं कडांवर थर जाड आणि खांचांत पातळ बसतो. त्या न्यायानें चराचें तोंड आधीं मिटून पोटांत पोकळी राहावयाची. तसें होऊं नये म्हणून वाढ रोखणाऱ्या पदार्थाबरोबर वाढ वेगानें करणारा दुसरा पदार्थहि टाकींत घालतात. चराचा तळ भरतां भरतां आकुंचन पावतो, त्यावरचा हा उत्तेजक पदार्थ दाटीवाटीनें एकवटतो, आणि तळ भिंतींपेक्षां वेगानें वर येतो. खालून वर भरत येणारी ही विहीर पाहिली म्हणजे सॅकरिनच्या चिमटीपासून आपण कोठवर आलों, याचें आश्चर्य वाटतें.

शेवटीं क्रोमियम. झगमगाट त्याचाच, उपद्रवहि त्याचाच. जुन्या पद्धतीच्या टाकींत क्रोमिक आम्ल असतें, आणि त्यांत क्रोमियम षट्संयुजी स्वरूपांत असतो. फॅरेडेच्या हिशेबानें दिलेल्या विजेपैकीं येथें जेमतेम दहा ते वीस टक्के धातूच्या कामीं येते. बाकीची हायड्रोजन सोडण्यांत जाते, आणि त्याच्या बुडबुड्यांबरोबर क्रोमिक आम्लाचे तुषार हवेंत उडतात. षट्संयुजी क्रोमियम मनुष्यास कर्करोग करणारा आहे, हें निर्विवाद ठरलें आहे. टाकीजवळ उभ्या राहणाऱ्या मजुराच्या नाकाचा पडदा त्यानें झिजून भोक पडतें. म्हणून टाकीच्या कांठाशीं हवा ओढून घेणारे झरोके लागतात, आणि ते चालू आहेत कीं नाहींत हें पाहणारा माणूस लागतो.

वस्तु टाकींतून निघाली कीं धुवावी लागते, आणि धुण्याचें पाणी पिवळें होतें. आपल्या देशांतील नियमांप्रमाणें नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यांत षट्संयुजी क्रोमियम लिटरामागें ०.१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाहीं, आणि पिण्याच्या पाण्यांत एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे. त्यासाठीं पिवळें पाणी आधीं आम्लांत ठेवून सोडियम बायसल्फाइटनें हिरवें करतात; षट्संयुजी क्रोमियमचा त्रिसंयुजी होतो, तो कितीतरी कमी विषारी. मग चुना घालून तो गाळाच्या रूपानें खालीं बसवितात, गाळ दाबून त्याच्या वड्या करतात, आणि त्या घातक कचऱ्यासाठीं खास बांधलेल्या जागीं पुरतात. पुणें जिल्ह्यांतील कारखान्यांच्या अशा कचऱ्याची जागा रांजणगांवच्या वसाहतींतच आहे. या साखळींतली एक कडी निसटली, एखादा टँकर रात्रीं ओढ्याच्या कांठीं रिकामा झाला, तर तो रंग आधीं विहिरींत उतरतो आणि मग नदींत. घोड आणि भीमा यांच्या पाण्याची बेरीज उजनींत होते, आणि उजनीचें पाणी सोलापूर शहर पितें. तोटीवरच्या पाव मायक्रॉनचा हिशेब एवढ्या लांब जातो.

अलीकडे त्रिसंयुजी क्रोमियमच्याच टाकींतून थर चढविण्याची रीत पुढें आली आहे. शोभेच्या वस्तूंना ती चांगली लागू पडते. यंत्रांच्या दांड्यांना लागणारा जाड, कठीण थर तिनें देणें अजून अवघड जातें. तिच्या थराची छटा किंचित् निराळी, जुन्या निळसर झांकेपेक्षां थोडी काळसर किंवा पिवळसर दिसते. एकाच न्हाणीघरांत दोन तोट्या शेजारीं लावल्या तर तो फरक डोळ्यांस कळतो, आणि पुष्कळ गिऱ्हाइकें अजून निळी झांकच मागतात.